चालत्या गाडीतला फोन आणि पलीकडचा माणूस

आलापल्लीहून एटापल्लीकडे जाणारा रस्ता सागाच्या जंगलातून जातो. पुढे त्याचे फाटे सुरजागडच्या डोंगराकडे, कसनसूर-जारावंडीकडे, छत्तीसगडच्या सीमेकडे फुटतात. गडचिरोली जिल्ह्याच्या या भागात मोबाइलचे टॉवर गेल्या काही वर्षांत वाढले, तरी रेंज सलग मिळत नाही. गावाजवळ ती असते, जंगलात जाते, एखाद्या चढावर दोन काड्या दिसतात आणि उतारावर पुन्हा नाहीशा होतात. शहरातल्या माणसाचा फोन दिवसभर अधूनमधून वाजत असतो. इथे मात्र अर्धा तास गप्प असलेला फोन रेंज येताच एकदम जागा होतो. मिस्ड कॉलचे संदेश, व्हॉट्सॲपच्या घंटा, मालकाची विचारणा, घरचा निरोप, सगळे मिनिटभरात येऊन आदळते. ही रेंज पुढच्या वळणावर जाणार हे चालकाला ठाऊक असते, म्हणून तो गाडी न थांबवताच फोन उचलतो. गाडी चालवताना फोन वापरू नये हा कायदा सगळ्या देशाला एकच आहे. पण तो मोडण्याचे कारण इथे वेगळे आहे, आणि मोडणाऱ्याला पकडायला रस्त्यावर सहसा कोणी नसते. त्यामुळे या कायद्याचे बळ आणि त्याची मर्यादा एटापल्लीच्या रस्त्यावर जितकी स्पष्ट दिसते, तितकी पुण्या-मुंबईच्या चौकात दिसत नाही. माझे म्हणणे असे आहे की कायद्याने चालकाचा हात धरला, पण त्याचे लक्ष आणि त्याला फोन करणारा माणूस या दोन गोष्टी बाहेर राहिल्या. त्या आत घेतल्याशिवाय जंगलातल्या रस्त्यावर हा कायदा कागदावरच राहील.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८ सालचा आहे. तो झाला तेव्हा भारतात मोबाइल नव्हता, त्यामुळे मूळ कायद्यात त्याचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे मोबाइल आले, तेव्हा पोलीस हा गुन्हा धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ खाली किंवा राज्यांच्या पोलीस कायद्यांखाली बसवू लागले. ते दरवेळी टिकत नसे. केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असा निकाल दिला, की गाडी चालवताना फोनवर बोलणे एवढ्यावरून त्या राज्याच्या पोलीस कायद्यातला सार्वजनिक सुरक्षा धोक्यात आणल्याचा गुन्हा सिद्ध होत नाही. संसदेने २०१९ मध्ये दुरुस्ती करून ही संदिग्धता संपवली. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १८४ च्या स्पष्टीकरणात, वाहन चालवताना हातात धरलेले संपर्काचे साधन वापरणे हे धोकादायक वाहन चालवण्याचा एक प्रकार म्हणून थेट नोंदले गेले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने पोलिसांना अशा गुन्ह्यात परवाना जप्त करून निलंबनासाठी परवाना अधिकाऱ्याकडे पाठवण्याचा अधिकारही दिला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने तर २०१५ मध्येच राज्यांना सांगितले होते, की फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा.

महाराष्ट्रात ही दुरुस्ती लगेच लागू झाली नाही. दंडाच्या रकमा सामान्य माणसाला पेलणार नाहीत, असे म्हणत तत्कालीन परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी अंमलबजावणी थांबवली. राज्याने सुधारित तडजोड शुल्क जाहीर केले ते डिसेंबर २०२१ मध्ये. फोन वापरताना दुचाकीस्वार सापडला तर एक हजार रुपये, चारचाकीचा चालक सापडला तर दोन हजार, ट्रक-बससारख्या इतर वाहनांचा चालक सापडला तर चार हजार, आणि तीन वर्षांत पुन्हा सापडला तर दहा हजार, असे त्याचे स्वरूप आहे. केंद्राने १ ऑक्टोबर २०२० पासून एक सवलत दिली आहे: हातातले साधन केवळ रस्ता शोधण्यासाठी, चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. फोनवर बोलण्याच्या भरात कोणाचा जीव गेला तर प्रकरण मोटार वाहन कायद्यापुरते राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या भारतीय दंड संहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती. म्हणजे शिक्षेच्या बाबतीत कायदा पुरेसा कडक आहे. त्याची अडचण ‘हातात धरलेले’ या शब्दांत आहे.

धोका हातात असतो की लक्षात, याचे उत्तर संशोधनाने बऱ्यापैकी दिले आहे. हाताचा आणि डोळ्याचा धोका कोणालाही पटतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने ट्रकमध्ये कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये जाहीर केले. फोनवर संदेश टाइप करणाऱ्या ट्रकचालकाला अपघाताचा किंवा थोडक्यात हुकलेल्या अपघाताचा धोका इतर वेळेपेक्षा २३ पट होता, आणि त्या आधीच्या सहा सेकंदांपैकी सुमारे ४.६ सेकंद त्याची नजर रस्त्यावर नव्हती. हा काळ आपल्या रस्त्यावर मोजून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते, ४.६ सेकंदांत ती सुमारे ५० मीटर जाते. ताशी ६० च्या वेगात हेच अंतर ७५ मीटरच्या पुढे जाते. एवढा रस्ता चालक न पाहता पार करतो, आणि त्यानंतर ब्रेक दाबल्यावर भरलेला ट्रक थांबायला लागणारे अंतर वेगळेच. एटापल्लीच्या रस्त्यावर ५० मीटरमध्ये एक वळण येऊन जाते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात बायका-पोरे टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला निघालेली असतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडे डोक्यावर घेतलेली माणसे रस्त्याच्या कडेने चालतात, संध्याकाळी गुरे गावाकडे परततात. जंगलाच्या रस्त्याला पदपथ नसतो. डांबराची कड हीच पायवाट असते. तिथे न पाहिलेल्या ५० मीटरमध्ये कोणीतरी असण्याची शक्यता मोकळ्या महामार्गापेक्षा कमी नाही.

पण हात मोकळे असले, कानात इअरफोन असला, तरी धोका जातो का? टोरांटोत रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी अपघातात सापडलेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष मांडला, की फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणारा फोन वापरल्याने त्यात सुरक्षिततेचा फायदा दिसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचे उत्तरही चौपटच आले, फोन हातात असो वा नसो. असे का होते, हे युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवले. हात मोकळे ठेवून फोनवर बोलणाऱ्या चालकांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर पडत होती, हे डोळ्यांच्या हालचालींवरून दिसले. पण नंतर विचारल्यावर त्यांना ते फलक नीट आठवत नव्हते. डोळे पाहत होते, मेंदू दुसरीकडे होता. रस्ता पाहणे आणि रस्त्यावर काय आहे हे उमगणे, ही दोन कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी लागणारे लक्ष संभाषण खाऊन टाकते. आपल्या कायद्याने पहिल्याच कामाची दखल घेतली आहे. दुचाकीवर हेल्मेटमध्ये किंवा गुंडाळलेल्या रुमालात फोन खुपसून बोलत जाणारा माणूस उद्या न्यायालयात म्हणू शकतो, की फोन माझ्या हातात नव्हताच. ब्रिटनमध्ये अशीच फट एकदा उघडी पडली होती. हातातल्या फोनवर बंदी तिथे २००३ पासून होती, पण फोनने चित्रण करणे म्हणजे संपर्क नव्हे, असा मुद्दा २०१९ मध्ये उच्च न्यायालयात मान्य झाला. ती फट बुजवायला मार्च २०२२ मध्ये नियम बदलावा लागला, आणि हातातल्या फोनचा जवळजवळ कोणताही वापर गुन्हा ठरला.

यावर एक सरळ आक्षेप येतो. शेजारी बसलेल्या क्लीनरशी किंवा प्रवाशाशी बोलले तर चालते, मग फोनवर बोलले तर काय बिघडले? फरक आहे. शेजारच्या माणसाला तोच रस्ता दिसत असतो. समोरून ट्रक आला, वळण आले की तो आपोआप थांबतो, कधी ‘सांभाळा, म्हैस आहे’ असे सांगतोही. नागपुरात किंवा रायपुरात बसून फोनवर बोलणाऱ्याला त्यातले काहीच दिसत नाही. तो बोलतच राहतो, आणि उत्तराची वाट पाहतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि तो टाळणे प्रामाणिक होणार नाही. व्हर्जिनिया टेकच्या त्याच अभ्यासात ट्रकचालक फोनवर नुसते बोलत किंवा ऐकत होते, तेव्हा धोका वाढलेला आढळला नाही. धोका वाढला तो नंबर लावताना, फोन शोधताना, संदेश लिहिताना. लांबच्या, एकसुरी रस्त्यावर बोलणे झोप दूर ठेवते, असाही एक तर्क आहे. पण तो अभ्यास अमेरिकेतल्या रुंद महामार्गांवरचा होता. तिथे पादचारी नसतात, गुरे नसतात, समोरून येणारी वाहने दुभाजकापलीकडे असतात. एकपदरी रस्त्यावर, जिथे समोरच्या वाहनाला वाट द्यायला डांबर सोडून खाली उतरावे लागते, तिथे एकसुरीपणा हा प्रश्नच नाही. शिवाय बोलणे निरुपद्रवी मानले, तरी त्यासाठी फोन आधी शोधावा, पाहावा आणि उचलावा लागतोच. झोपेवर उपाय म्हणून संभाषण सुचवणे म्हणजे थकलेल्या चालकाला विश्रांती नाकारण्याची सोय करणे होय. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्ये दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली गेली होती, ती याच कारणासाठी.

तिसरा आक्षेप आकड्यांचा आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२१ मध्ये देशात ४,१२,४३२ रस्ते अपघात झाले आणि १,५३,९७२ माणसे मेली. त्यांपैकी वाहन चालवताना मोबाइल वापरल्यामुळे झालेले अपघात १,९९७ आणि मृत्यू १,०४०. म्हणजे शंभर मृत्यूंमागे एकही नाही. अतिवेगाच्या खात्यात मात्र सुमारे सत्तर टक्के मृत्यू टाकले आहेत. मग फोनच्या मागे का लागायचे? इथे हा आकडा तयार कसा होतो ते पाहायला हवे. अपघातानंतर पोलीस पंचनामा करतात तेव्हा रस्त्यावर घसरल्याच्या खुणा दिसतात, वाहनांचा चुराडा दिसतो, दारूचा वास येतो. फोन कुठे दिसतो? तो खिशात परत गेलेला असतो, झाडीत फेकला गेलेला असतो, किंवा फुटलेला असतो. चालक जिवंत असेल तर आपण बोलत होतो हे तो सांगत नाही. मेला असेल तर सांगूच शकत नाही. टोरांटो आणि पर्थच्या संशोधकांना खरे उत्तर मिळाले, कारण त्यांनी अपघाताच्या क्षणी फोन चालू होता का हे कंपन्यांच्या नोंदींतून तपासले. आपल्याकडे खुनाच्या तपासात कॉलच्या नोंदी मागवण्याची पद्धत पक्की झाली आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक मृत्यूमागे ती तशी झालेली नाही. ज्या कारणाचा शोधच घेतला जात नाही, ते कारण तक्त्यात लहानच दिसणार. आणि अतिवेग व फोन ही कारणे एकमेकांना वगळणारी नाहीत. बोलण्यात गुंतलेल्या चालकाचे वेगावरचे भान सुटते, समोरचे वाहन उशिरा दिसते, आणि पंचनाम्यात ‘भरधाव वेग’ एवढेच लिहिले जाते.

एटापल्लीतला माणूस याहून मोठा प्रश्न विचारेल, आणि त्याला तो हक्क आहे. आमच्या रस्त्यावर खड्डे आहेत, सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आहेत, धूळ आहे. त्यात फोनचे काय घेऊन बसलात? २०१६ मध्ये सुरजागडमधून खनिज बाहेर येऊ लागले. २०२३ मध्ये खाणीची मंजूर क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली, आणि बैलगाडी, सायकल, एसटीसाठी पुरणाऱ्या रस्त्यावर अवजड वाहतूक आली. जानेवारी २०१९ मध्ये एटापल्ली-आलापल्ली मार्गावर गुरुपल्लीजवळ ट्रक आणि एसटी बसची धडक झाली, प्रवाशांचे प्राण गेले आणि संतापलेल्या लोकांनी ट्रक पेटवले. त्या अपघाताला फोन कारणीभूत होता असे मला सुचवायचे नाही. सांगायचे एवढेच, की जिथे रस्ता अरुंद, वाहन अवजड आणि लोकांचा राग ताजा आहे, तिथे चालकाकडून होणाऱ्या क्षणभराच्या दुर्लक्षाची किंमत सर्वांत जास्त आहे. रस्ता रुंद व्हायला वर्षे लागतील, त्यासाठी झाडे जातील, वनखात्याच्या परवानग्या लागतील. खनिजाची वाहतूक किती आणि कशी व्हावी हा वाद ग्रामसभा आणि शासन यांच्यात चालत राहील, आणि तो चाललाच पाहिजे. फोन बंद ठेवायला मात्र यांतले काहीही लागत नाही. मोठ्या कारणांवरचे उपाय लांबणीवर आहेत म्हणून आज हातात असलेला उपाय सोडून देणे एटापल्लीला परवडणारे नाही. इथे गंभीर जखमीला ग्रामीण रुग्णालयातून अहेरीला आणि तिथून शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या गडचिरोलीला न्यावे लागते. डोक्याला मार लागलेल्या माणसासाठी हे अंतर फार आहे. जिथे उपचार दूर, तिथे अपघात टाळणे हाच मोठा उपचार.

आता अंमलबजावणी. कायदा लिहिल्याने सवय बदलते का, याचा पुरावा न्यूयॉर्क राज्याने दिला आहे. हातातल्या फोनवर बंदी घालणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. कायदा नोव्हेंबर २००१ मध्ये लागू झाला. रस्त्याकडेला उभे राहून केलेल्या मोजणीत फोन धरलेल्या चालकांचे प्रमाण २.३ टक्क्यांवरून काही महिन्यांत १.१ टक्क्यांवर आले, आणि मार्च २००३ पर्यंत पुन्हा २.१ टक्क्यांवर गेले. बातम्या थांबल्या, पोलिसांची मोहीम दिसेनाशी झाली, तशी सवय परतली. त्याच राज्यातल्या सिरॅक्यूज आणि शेजारच्या राज्यातल्या हार्टफर्ड या शहरांत २०१० आणि २०११ मध्ये ठरावीक काळाने, आधी जाहीर करून, कडक तपासणी केली गेली. तेव्हा सिरॅक्यूजमध्ये फोनचा वापर सुमारे एक तृतीयांशाने आणि हार्टफर्डमध्ये निम्म्याहून जास्त घटला. यातून दोन गोष्टी कळतात: पकडले जाण्याची खात्री असेल तर कायदा चालतो, आणि ती खात्री गेली की कायदाही जातो. दंडाच्या रकमेपेक्षा पकडले जाण्याची शक्यता माणसाला जास्त आवरते. आपल्याकडे केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये वाहतुकीचे गुन्हे टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचा जो नियम केला, तो जोखमीच्या महामार्गांसाठी आणि मोठ्या शहरांसाठी आहे. एटापल्ली-कसनसूर रस्त्यावर असे कॅमेरे उद्या लागतील ही अपेक्षा व्यर्थ आहे. इथल्या पोलिसांच्या खांद्यावर आधीच नक्षलविरोधी बंदोबस्ताचे ओझे राहिले आहे. जंगलातल्या वळणावर ते चालान पुस्तक घेऊन रोज उभे राहू शकत नाहीत. मग जिथे पकडणारा नाही, तिथे कायदा कशाच्या बळावर चालेल?

उत्तर फोनच्या दुसऱ्या टोकाला आहे. चालत्या गाडीतला प्रत्येक फोन कोणीतरी केलेला असतो, आणि ट्रकच्या बाबतीत तो बहुतेकदा कामाचा असतो. गाडी कुठे पोचली, वजनकाट्यावर किती रांग आहे, खेप किती वाजता होईल, हे मालक, मुन्शी किंवा ठेकेदार विचारतो. फोन घेतला नाही तर चालक झोपला, दारू प्यायला, की गाडी घेऊन भलतीकडे गेला, असा संशय. खेपेवर पैसे मिळणाऱ्या माणसाला हा संशय परवडत नाही. दंडाची पावती मात्र एकट्या चालकाच्या नावाची, किंवा गाडीच्या नंबरावर आली तरी शेवटी त्याच्याच पगारातून कापली जाऊ शकणारी. मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट मार्गावरच्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत असल्याचे चित्रण एका प्रवाशाने केले. चालकाला नोकरीवरून काढले गेले, आणि त्याला नेमणाऱ्या खासगी कंपनीला पाच हजार रुपये दंड झाला. चालकाचा दोष उघड होता, त्याच्यावर कारवाई व्हायलाच हवी होती. पण एकीकडे माणसाची रोजीरोटी आणि दुसरीकडे पाच हजार, या वाटणीतून आपल्या व्यवस्थेचा कल कळतो: जबाबदारी जितकी खाली ढकलता येईल तितकी ढकलायची.

कायद्यात मात्र याची तरतूद आधीच आहे, आणि ती फारशी वापरली जात नाही. मोटार वाहन अधिनियमाचे कलम १८८ सांगते, की कलम १८४ खालच्या गुन्ह्याला जो अपप्रेरणा देईल, त्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा होईल. २०१९ पासून हातातला फोन कलम १८४ मध्ये आला आहे. म्हणजे गाडी चालू आहे हे माहीत असताना चालकाने फोन उचललाच पाहिजे अशी सक्ती करणारा मालक किंवा मुन्शी तत्त्वतः या कलमाच्या कक्षेत येऊ शकतो. यावर कोणी म्हणेल, मग बायकोने किंवा आईने फोन केला तर तीही गुन्हेगार का? नाही. अपप्रेरणेसाठी जाणीव आणि हेतू लागतात. गाडी चालू आहे की उभी हे माहीत नसलेल्या माणसाला हे कलम लागत नाही. पण जो मालक जीपीएसवर गाडी धावताना पाहतो, आणि तरीही फोनवर फोन करतो, उचलला नाही तर खेप कापण्याची धमकी देतो, त्याला अज्ञानाची सबब राहत नाही. खरे तर गाडीत जीपीएस असताना ‘कुठे आहेस’ हे विचारण्याची गरजच उरत नाही. एखाद्या गंभीर अपघातात चालकाच्या कॉलच्या नोंदी काढल्या, आणि धडकेच्या मिनिटाला पलीकडे कोण होते याची चौकशी झाली, तरी त्याचा धाक शंभर चालानांपेक्षा लांब जाईल. कारण चालक हजारो आहेत आणि जंगलात विखुरलेले आहेत. त्यांना कामावर पाठवणारे मोजके आहेत आणि त्यांचे पत्ते माहीत आहेत.

शेवटचा आक्षेप माणुसकीचा आहे. या भागात फोन ही चैन नाही. बाळंतपणासाठी १०८ ची रुग्णवाहिका बोलावायची, पुरात पूल बुडाल्याचे कळवायचे, दूरच्या शाळेतल्या लेकराची खबर घ्यायची, सगळे फोनवरच. आणि रेंज मिळेल तेव्हाच. त्या माणसाला ‘फोन घेऊ नको’ सांगणे निर्दयपणाचे वाटते. पण कायदा फोन घेऊ नको असे सांगत नाही, गाडी थांबवून घे असे सांगतो. अडचण अशी, की थांबायला जागा नसते. अरुंद रस्त्यावर वळणाजवळ उभी केलेली गाडी हाही अपघाताला निमंत्रण देणारा प्रकार आहे. म्हणून रेंज मिळते ती ठिकाणे आणि गाडी सुरक्षित उभी करता येईल अशा जागा यांचा मेळ घालणे, ही इथल्या अंमलबजावणीची पहिली पायरी आहे. कोणत्या चढावर, कोणत्या गावाच्या वेशीवर रेंज येते, हे प्रत्येक चालकाला पाठ आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाने अशा पाच-सहा जागी रस्त्याकडेला मुरूम टाकून ट्रक उभा राहील एवढी जागा केली आणि ‘फोन इथे बोला’ असा मराठी, गोंडी-माडिया, हिंदी आणि तेलुगूत फलक लावला, तर चालकाला कायदा पाळण्याची सोय मिळेल. निर्बंधासोबत सोय दिली, तर न पाळणाऱ्याला दंड करताना पोलिसालाही नैतिक बळ राहते. रुग्णवाहिकेसारख्या वाहनात, जिथे संपर्क खरोखर थांबवता येत नाही, तिथे बोलण्याचे काम चालकाशेजारच्या माणसाकडे असावे.

पुढचे काम एटापल्लीतच होऊ शकते, त्यासाठी मुंबई-दिल्लीची वाट पाहायला नको. तेंदूपत्त्याच्या विक्रीचे व्यवहार इथल्या अनेक ग्रामसभा पेसा आणि वनहक्क कायद्याच्या आधारे स्वतः करतात, व्यापाऱ्याशी करार करतात. त्या करारात एक ओळ वाढवता येते: वाहतुकीच्या गाडीचा चालक गाडी चालवताना फोन घेणार नाही, आणि ठेकेदार त्याला त्या वेळी फोन करणार नाही, मोडल्यास दंड ठेकेदाराकडून. खनिजाच्या वाहतुकीतही हीच अट वाहतूकदारांच्या करारात घालावी, आणि तिचे पालन आलापल्लीच्या नाक्यावर व खाणीच्या फाटकावर तपासावे. तिथे प्रत्येक ट्रक थांबतोच. गडचिरोलीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाने परवान्याची शिबिरे घेताना आणि गडचिरोली पोलिसांनी ‘दादालोरा खिडकी’ या आपल्या मदत-उपक्रमातून लोकांची कामे करताना ५० मीटरचा हिशेब समजावून सांगावा, लोकांच्या भाषेत. राज्य पातळीवर दोन दुरुस्त्यांची मागणी करावी: अवजड आणि प्रवासी वाहनांसाठी ‘हातात धरलेले’ ही मर्यादा काढून हात मोकळे ठेवणाऱ्या फोनवरही बंदी, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक मृत्यूच्या तपासात चालकांच्या कॉलच्या नोंदी तपासणे सक्तीचे. आणि यांतले काहीही होण्याआधी, आजपासून, प्रत्येकाने करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. फोन लावल्यावर पहिला प्रश्न ‘गाडी चालू आहे का?’ हा विचारावा, आणि उत्तर ‘हो’ आले, तर कितीही महत्त्वाचे बोलणे असले तरी, ‘थांबल्यावर फोन कर’ एवढे सांगून आपणच तो ठेवावा.